‘आढळले नाही’ म्हणजे नक्की काय?

आमच्या घरी किनवटला एक पत्र्याची पेटी आहे. सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, माझ्या फीच्या पावत्या, सगळं त्या एकाच पेटीत. मागच्या दिवाळीत सबमिशन उरकून घरी गेलो आणि शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला शोधत होतो, तर त्यात चार घड्या केलेला एक कागद हाताला लागला. आमच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट. साल २०१७. हा लेख त्या कागदाबद्दल आहे. आणि थोडा आपल्या सिलॅबसबद्दलही आहे, त्यामुळे प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये.

२०१७ चा पावसाळा आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. पैनगंगेच्या अलीकडे आमचा किनवट तालुका, पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्हीकडे कापूस. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता, बोंडअळीचा धाक होता आणि लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पेपरात रोज आकडे यायचे. मी तेव्हा सातवीत होतो.

आमचे काका वाचले. पाठीवरच्या पंपानं ‘मोनो’ मारत होते. मोनो म्हणजे मोनोक्रोटोफॉस, आमच्याकडे पूर्ण नाव कुणी घेत नाही. दुपारी घाम सुटला, तोंडाला लाळ, डोळ्यांना धुकं आल्यासारखं. चार दिवस सलाईन आणि अॅट्रोपिन, मग घरी आले. त्यानंतर आठवडाभरात विहिरीजवळच्या हौदातलं पाणी प्यायलेलं वासरू दगावलं. पंप त्याच हौदापाशी धुतला जायचा. कारण काय ते कुणी सांगू शकलं नाही, पण आबांच्या डोक्यात बसलं की पाण्यात इख उतरलंय. त्यांनी ओळखीतून एका मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये पाणी पाठवलं. कशात? प्रवासात विकत घेतलेल्या पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत, एसटीच्या ड्रायव्हरजवळ देऊन. फॉर्मवर लिहिलं: ‘विहिरीचे पाणी, कीटकनाशक तपासणी’. बस्स.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. एका खाली एक नावं आणि प्रत्येकासमोर तेच दोन शब्द, आढळले नाही. आबांनी तो कागद गावात चार जणांना दाखवला. “पाणी चांगलं हाय, रिपोर्टच म्हणते तसं,” काका म्हणाले. वासराचं खापर मग चाऱ्यावर फुटलं. आम्ही ते पाणी पीत राहिलो.

आता जरा आपल्या वर्गात येऊ. अॅनालिटिकल इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी आहे आणि तिच्यात डिटेक्टरवर हमखास आठ मार्कांचा प्रश्न येतो. आपण काय करतो? लोकल ऑथरच्या पुस्तकातून तीन आकृत्या पाठ करतो. टीसीडी म्हणजे व्हीटस्टन ब्रिज, एफआयडी म्हणजे ज्योत, ईसीडी म्हणजे निकेल-६३. फायदे चार, तोटे चार. एक्सटर्नलनं विचारलं तर ‘सर, हाय सेन्सिटिव्हिटी’ म्हणायचं. मीही हेच करत आलो. प्रत्यक्ष यंत्र आपण पाहिलं ते काचेच्या दाराआडून, हात न लावता. ते चालू असताना मी तरी पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. डिटेक्टर काय पाहतो हे आपल्याला शिकवतात. तो काय पाहत नाही, हे कुणी विचारत नाही. आणि रिपोर्टवर सही करताना, किंवा तो वाचताना, दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा असतो.

ज्यांनी हा विषय ऑप्शनला टाकला त्यांच्यासाठी थोडक्यात. माहूरचा गड चढणारी जत्रेची गर्दी डोळ्यांसमोर आणा. पायथ्याला सगळे एकत्र, पण वर जाता जाता तरणी पोरं पुढं, लेकुरवाळ्या मधे, म्हातारे मागं. क्रोमॅटोग्राफीचा कॉलम म्हणजे ती चढण. नमुन्यातलं मिश्रण वाफ होऊन वाहक वायूबरोबर निघतं आणि प्रत्येक घटक कॉलमच्या आतल्या थराशी कमीजास्त रेंगाळत वेगवेगळ्या वेळी वर पोचतो. वर उभा राहून मोजणारा माणूस म्हणजे डिटेक्टर. तो माणूस कोण, यावर सगळं ठरतं. त्याला फक्त फेटेवाले दिसत असतील तर टोपीवाला त्याच्यासमोरून गेला तरी वहीत नोंद होणार नाही.

टीसीडी, म्हणजे थर्मल कंडक्टिव्हिटी डिटेक्टर, हा सगळ्यांना पाहणारा पण नजर अधू असलेला म्हातारा. तापलेली तार हेलियमच्या प्रवाहात ठेवलेली असते. हेलियम नायट्रोजनच्या सहापट वगैरे वेगानं उष्णता वाहून नेतो. त्यात दुसरं काही मिसळलं की तार नीट गार होत नाही, तिचा रोध वाढतो, ब्रिजचा तोल जातो. पाणी, हवा, कार्बन डायॉक्साइड, काहीही चालतं. पण विहिरीतलं अब्जांशातलं विष याला कधीच दिसणार नाही.

एफआयडी मला मनापासून आवडतो. हायड्रोजनची बारीक ज्योत, तिच्यावर दोनतीनशे व्होल्टचा ताण. ज्योतीत सेंद्रिय पदार्थ आला की त्याच्या कार्बनपैकी अगदी थोडे अणू, लाखात एखादा, आयन बनतात आणि पिकोअँपिअरमध्ये मोजावा असा प्रवाह वाहतो. लाखात एक एवढ्या वसुलीवर चालणारं हे यंत्र जगातल्या बहुतेक जीसीवर बसवलेलं असतं! १९५७-५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत दोन गटांनी हे स्वतंत्रपणे शोधलं. त्याची गंमत म्हणजे त्याला पाणी जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातला अल्कोहोल मोजायला तो सोयीचा. रक्तातलं पाणी त्याला अडचण करत नाही, अल्कोहोल तेवढा दिसतो. इथं आंधळेपणा हाच गुण झाला.

आता ईसीडी, इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर. आमच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात हेच लिहिलं होतं: ‘पद्धत: जीसी-ईसीडी’. दिवाळीत ती ओळ वाचली आणि मी पेटीसमोर खालीच बसलो.

याचं काम उलटं आहे. निकेल-६३ हा किरणोत्सारी मुलामा असतो, त्यातून बीटा कण निघतात, ते नायट्रोजनवर आपटून इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि एक ठराविक प्रवाह सतत वाहत राहतो. त्यात क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो आणि प्रवाह घटतो. ही घट म्हणजेच सिग्नल. उन्हाळ्याच्या रात्री लाइट गेली की पंखा थांबतो आणि त्या शांततेनंच आपल्याला जाग येते, तसलं काहीतरी. साध्या हायड्रोकार्बनच्या तुलनेत कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या रेणूला हा लाखो पट जास्त प्रतिसाद देतो.

जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञानं हे १९५७ मध्ये बनवलं. याच यंत्रानं जगाला दाखवून दिलं की डीडीटी आणि त्याची भावंडं माती-पाणी-दुधात कुठवर पोचली आहेत. त्याच्या आधी ती तिथं नव्हती असं नाही, मोजता येत नव्हती. लव्हलॉक पुढं १९७१ मध्ये घरी बनवलेला ईसीडी घेऊन ‘शॅकल्टन’ जहाजावरून अंटार्क्टिकाकडे गेला आणि भर अटलांटिकच्या हवेत फ्रिजमधल्या सीएफसीचे अंश त्यानं मोजले. गंमत बघा, १९७३ च्या लेखात त्यानंच लिहिलं की यापासून काही धोका संभवत नाही. पुढच्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी ओझोनचं गणित मांडलं. मोजणारा एक, अर्थ लावणारे दुसरे. असो, विषय भरकटतोय.

तर ईसीडी हा क्लोरीनवाल्यांचा पहारेकरी. रिपोर्टमधली यादी बघितली तर एचसीएच, लिंडेन, ऑल्ड्रिन, डायल्ड्रिन, डीडीटी, एंडोसल्फान. सगळी ऑर्गॅनोक्लोरीन. म्हणजे बहुतांशी आमच्या आबांच्या जवानीतली औषधं. एंडोसल्फानवर तर सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच बंदी घातली होती. आणि आमच्या शेतात मारलं होतं मोनोक्रोटोफॉस. त्याच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फॉस्फरस आहे. क्लोरीन? एकही अणू नाही.

थोडक्यात, आम्ही टोपीवाला शोधत होतो आणि वर फेटेवाले मोजणारा बसवला होता. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, फेटेवाला आढळला नाही.

मोनो शोधायचं तर फॉस्फरस पाहणारा डिटेक्टर हवा. एक एनपीडी, त्यात रुबिडियमसारख्या अल्कली धातूचा क्षार असलेला मणी तापवलेला असतो आणि तो नायट्रोजन-फॉस्फरसला खास प्रतिसाद देतो. दुसरा एफपीडी, म्हणजे फ्लेम फोटोमेट्रिक. हायड्रोजनच्या ज्योतीत फॉस्फरस आला की ५२६ नॅनोमीटरला हिरवट उजेड पडतो, गंधक आलं की ३९४ ला निळसर-जांभळा. फिल्टर लावून हवा तो उजेड मोजायचा. आमच्या तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, गंधकाचं पाणी म्हणून लोक तिथं अंघोळीला येतात. लहानपणी तिथल्या वासानं मी नाक धरायचो. नाक हाही एक डिटेक्टरच की, गंधकाला तेज आणि मोनोला मठ्ठ.

वर हेही सांगायला हवं की मोनो हा पाण्यात सहज विरघळणारा आणि तापवलं की मोडणारा गडी आहे. जीसीच्या गरम इंजेक्टरमधून तो धड बाहेर पडेलच असं नाही. म्हणून आज चांगल्या लॅब तो एलसी-एमएस-एमएसवर, म्हणजे वाफ न करता द्रवातच वेगळा करून मास स्पेक्ट्रोमीटरवर बघतात. आणि तो काही अनोळखी चोर नव्हता. बिहारमध्ये जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली ती याच औषधानं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत मोनोक्रोटोफॉसची मर्यादा दिलेली आहे, लिटरला १ मायक्रोग्रॅम. म्हणजे मानकाला माहीत होतं, औषध दुकानदाराला माहीत होतं, काकांच्या अंगाला तर चांगलंच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या फॉर्मला.

यात लॅबनं खोटं काही केलं नाही, हे मला मान्य आहे. ‘कीटकनाशक तपासणी’ मागितली, त्यांच्याकडे एक ठरलेली यादी होती, ती त्यांनी चालवली. पण एका माणसानं फोन करून ‘शेतात कोणतं औषध मारलं होतं?’ एवढं विचारलं असतं तर! आणि ‘आढळले नाही’ याच्यापुढं ‘किती मर्यादेपर्यंत’ हा आकडाही त्या कागदावर नाही. लिटरला शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत आढळलं नाही की शतांश मायक्रोग्रॅमपर्यंत? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चूक आमचीही होतीच. डीडीटी, एंडोसल्फानसारखी औषधं प्लास्टिकला चिकटून बसतात. त्यासाठी काचेची गडद बाटली लागते, बर्फात ठेवून पाठवावी लागते. आमची बाटली एसटीच्या इंजिनाशेजारी बसून गेली. म्हणजे जे शोधलं तेही धड शोधलं गेलं असेल याची खात्री नाही.

हे सगळं मी हॉस्टेलवर सांगितलं तर रूममेट म्हणाला, “तू म्युझियममधल्या गोष्टी सांगतोस. आता सगळीकडे एमएस आहे. एकाच फटक्यात दोनशे-तीनशे औषधं दिसतात. ईसीडीला कोण विचारतो?”

मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिलचे अंश सापडले आणि मोठा गहजब झाला. त्यातून निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीची यंत्रणा उभी राहिली. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, अपेडाचं ग्रेपनेट आहे. देशात इतक्या काटेकोरपणे तपासलं जाणारं पीक क्वचितच असेल. आणि तरी २०१० मध्ये नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते वाढरोधक. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. लॅब चांगल्या, यंत्रं महागडी, रिपोर्ट स्वच्छ. सीसीसी हे क्षार आहे, त्याची वाफच होत नाही. जीसीच्या पुढं कितीही भारी डिटेक्टर बसवला तरी ते तिथवर पोचणार नाही. आणि एलसी-एमएस-एमएस असलं तरी नेहमीच्या पद्धतीत ते यादीत दिलेल्या वस्तुमानांच्या जोड्याच बघतं. यादीत नाही ते त्याच्यासमोरून निघून जातं. बागायतदारांचं त्या हंगामात कंबरडं मोडलं. त्यांच्याकडे निदान परत तपासून सांगणारं युरोप होतं. आमच्या विहिरीचं पाणी परत तपासायला कोण बसलंय?

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. त्या मोठ्या नाहीत. पहिली, रिपोर्टवर मराठीत तीन ओळी छापा: कोणती औषधं शोधली, कोणत्या यंत्रानं आणि किती अंशापर्यंत. आणि चौथी ओळ, या तपासणीत कोणते गट पाहिलेले नाहीत. किनवटच्या माणसाला ईसीडी कळणार नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याच्यासमोर एकदा बसावं. बोंडअळीच्या पिढ्या, औषधांचे गट, पाणी किती पीएचचं असलं तर कोणतं औषध मारायचं, हे तो आपल्याहून जास्त जाणतो. ‘हे यंत्र क्लोरीनवाली औषधंच बघतं’ हे वाक्य त्याला जड जाणार नाही.

दुसरी आपल्या डिपार्टमेंटकडे. जीसीचं प्रॅक्टिकल जर्नलमध्ये आकृती काढून उरकू नका. यंत्र चालू करायला परवडत नसेल, हेलियमचा सिलिंडर महाग आहे, ईसीडीच्या निकेलसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळावे लागतात, सगळं कबूल. पण कागदावर तरी एक प्रश्न द्या. चार औषधांचे रेणू द्या, चार डिटेक्टर द्या आणि विचारा, कोणाला कोण दिसणार नाही? आठ मार्कांना द्या, पोरं आपोआप शिकतील. आणि आमच्या बॅचमधून लॅबमध्ये नोकरीला लागणाऱ्यांना एकच विनंती, फॉर्म घेताना एक प्रश्न जास्त विचारा.

दिवाळीत मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. आबा आता नाहीत. काका ओट्यावर बसून ऐकत होते. मोनोच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्रानं २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला हे त्यांना माहीत होतं. रिपोर्टचं माहीत नव्हतं.

“मंग तवा पाण्यात इख व्हतं का नव्हतं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “काका, आता नाही सांगता येणार. मोनो पाण्यात काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मोडून जातं. आज तपासलं तर आजचं कळेल. तेव्हाचं गेलं.”

“आन तुझ्या त्या यंत्राला?”

“त्यालाबी नाही.”

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कागदाच्या परत चार घड्या केल्या आणि तो पेटीत सातबाराच्या खाली ठेवला. फेकला नाही. या पावसाळ्यात फवारणी चालू असतानाच पाणी पाठवायचं ठरलंय. लॅबकडून काचेच्या गडद बाटल्या मागवल्यात, थर्माकोलचा डबा मित्राच्या मेडिकलमधून मिळेल. कृषी केंद्राच्या यंदाच्या पावत्यांवरून औषधांची यादी काका काढून ठेवणार आहेत. फॉर्मवर या वेळी ती यादी जोडायची आहे.